कंपनी नोंदवली आहे, नाव आधीपासून मीच वापरतोय. मग ट्रेडमार्क कशाला? आणि घ्यायचाच तर नावाचा घेऊ की लोगोचा?

घ्या. आणि आधी नावाचा घ्या, लोगोचं नंतर बघा. प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण ‘आधीपासून मीच वापरतोय’ हे वाक्य आमच्या मेहुण्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

कंपनीची नोंदणी बाजूला ठेवा. तिथे मुख्यतः तशाच नावाची दुसरी कंपनी आहे का ते बघतात. मालावर छापायच्या नावाचा हक्क त्यातून मिळत नाही. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचंही तेच.

आम्ही ट्रॉलीची चाकं बनवतो, बाजारात ज्यांना कॅस्टर म्हणतात ती. मी आणि मेहुणे भागीदार. पहिली ठिणगी नावावरूनच पडली. त्यांना ‘मजबूत व्हील’ हवं होतं, वाचताक्षणी माल कळतो म्हणून. मी म्हटलं, मालाचा गुण सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही. दुसऱ्या कारखानदाराचं चाकही मजबूत असू शकतं, त्याने ते बोलायचं नाही का? भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ९ हेच सांगतं आणि बाकीच्या देशांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. वर्षानुवर्षं वापरून तो शब्द गिऱ्हाइकाच्या डोक्यात तुमच्याच मालाशी चिकटला तर सवलत मिळते, पण ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. विक्री करणाऱ्यांना अर्थ नसलेली नावं आवडत नाहीत, वकिलांना आवडतात. मी या बाबतीत वकिलांच्या बाजूचा. दोघांच्या आज्यांच्या नावांतली अक्षरं जोडून एक बिनअर्थाचा शब्द तयार केला आणि डायमध्येच, म्हणजे चाकाच्या साच्यातच कोरून घेतला, म्हणजे प्रत्येक चाकावर नाव उठणार. नोंदणीचा अर्ज मात्र राहिला. मी विषय काढायचो, मेहुणे म्हणायचे, ‘नाव काय कोणी पळवून नेतंय?’

नेलं. आमच्याच डिस्ट्रिब्युटरने.

माल चांगला खपायला लागल्यावर त्याने आमचं नाव स्वतःच्या नावाने नोंदवायला अर्ज टाकला आणि वर आम्हालाच वकिलाची नोटीस पाठवली, की इतर दुकानदारांना या नावाचा माल देणं थांबवा. त्याच्या खोक्यांवर वर्तुळातलं आर हे चिन्हही, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, झळकायला लागलं. अर्ज नुसता पडून असताना ते चिन्ह लावता येत नाही. टीएम ही अक्षरं कोणीही लावू शकतो, त्यांचा अर्थ एवढाच की मी या नावावर दावा सांगतोय. पण दुकानदाराला हा फरक कुठे कळतो? त्याने आर बघितला आणि आमच्या ऑर्डरी थांबवल्या.

त्याचा अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर आम्ही विरोध नोंदवला. भारतात त्यासाठी प्रसिद्धीपासून चार महिने मिळतात, एक दिवसही जास्त नाही. त्याने प्रतिनिवेदनात, म्हणजे विरोधाला दिलेल्या उत्तरात लिहिलं की हे नाव त्यानेच सुचवलं, आम्ही फक्त माल बनवून देणारे. आता हे खोटं ठरवायचं कशाच्या जोरावर? ज्या जुन्या फायली मेहुण्यांनी रद्दीत घालायला बांधून ठेवल्या होत्या आणि मी भांडून माळ्यावर टाकल्या होत्या, त्यांच्या जोरावर. विक्रीची बिलं होती, चलनं होती, पण कामाला आलं ते डायवाल्याचं बिल. त्यात आमचं नाव कोरायची मजुरी वेगळी लावलेली, नाव अक्षरशः लिहून, आणि तारीख या गृहस्थाच्या पहिल्या ऑर्डरच्या बरीच आधीची. ते प्रतिज्ञापत्राला जोडलं. त्यानंतर त्याच्या बाजूने पुरावा आलाच नाही, आणि मुदत उलटल्यावर त्याने अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं.

हे काही जगावेगळं नाही. एजंटाने मालकाचं चिन्ह स्वतःच्या नावावर चढवणं इतकं जुनं दुखणं आहे की ट्रेडमार्क-पेटंटबद्दलच्या १८८३ च्या पॅरिस करारात नंतर त्यासाठी खास कलम घातलं गेलं, ६ सेप्टिस. आणखी एक गंमत. आमच्या डिस्ट्रिब्युटरने अर्ज फक्त वर्ग १२ मध्ये केला होता. ट्रेडमार्कसाठी वापरतात त्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. ट्रॉलीचं चाक १२ मध्ये, फर्निचरचं धातूचं चाक ६ मध्ये आणि तेच बिनधातूचं असेल तर २० मध्ये. माझ्या एका कारखान्याचा माल तीन वर्गांत विखुरलेला. तुमचा माल कुठे बसतो ते स्वतः वाचून बघा, अर्ज भरणाऱ्या एजंटावर सोडू नका.

आता खरं भांडण. हे सगळं मिटल्यावर मेहुणे काय म्हणाले असतील? ‘बघा, नोंदणी नसताना जिंकलो.’ आजही लग्नकार्यात लोकांना सांगतात. कुठून तरी त्यांना वॉशिंग मशीनवाल्या व्हर्लपूलचा खटलाही सापडला. त्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, समोरच्याकडे भारतातली नोंदणी असूनही, व्हर्लपूलच्या बाजूचा मनाई हुकूम कायम ठेवला. त्याच १९९९ च्या कायद्यातलं कलम ३४ सुद्धा त्यांना तोंडपाठ आहे: आधीपासून सतत वापरणाऱ्याला नंतरचा नोंदणीवाला अडवू शकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण व्हर्लपूलकडे जगभरचा नावलौकिक होता, आमच्याकडे डायवाल्याचं बिल होतं आणि तेही रद्दीतून वाचलेलं. नोंदणी नसेल तर दर भांडणात पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं: बाजारात आपलं नाव झालंय, समोरचा त्याच नावावर गिऱ्हाइकाची फसगत करतोय आणि त्यात आपलं नुकसान आहे. तेही जिथे तुम्हाला लोक ओळखतात त्या भागापुरतं. नोंदणी असली की प्रमाणपत्र पुढे करायचं, देशभर, आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. मधल्या काळात तुटलेले दुकानदार आम्हाला कोणी परत आणून दिले नाहीत, हे मेहुणे सांगत नाहीत.

आणि हा सगळा ‘आधी वापर’ देशाच्या हद्दीपुरता. चीनसारख्या देशात जो आधी अर्ज करतो त्याचं पारडं जड. बाहेर माल पाठवायचा विचार असेल तर पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत पॅरिस कराराच्या दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला की तारीख पहिलीच धरतात. माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारातून एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात, भारत त्यात २०१३ पासून आहे.

नोंदणी झाली म्हणून झोपायचं नाही. दर दहा वर्षांनी नूतनीकरण. पाच वर्षं वापरलंच नाही तर ज्याला त्याची झळ बसते तो ते रद्द करायला मागू शकतो. आणि नाव मालाचंच नाव होऊ देऊ नका. एस्कलेटर हा ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता, १९५० मध्ये अमेरिकेत गेला, कारण कंपनी स्वतःच तो शब्द सरकत्या जिन्यासाठी सरसकट वापरत होती.

वकील हवा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. अर्ज स्वतः भरता येतो. आधी ट्रेडमार्कच्या नोंदवहीत शोध घ्या, नुसतं तेच स्पेलिंग नाही, कानाला तसंच वाटणारी नावंही. कार्यालयाचा आक्षेप किंवा कोणाचा विरोध आला की मात्र वकील गाठा. मी स्वतः वकील नाही, एका प्रकरणात होरपळलेला कारखानदार आहे, तेव्हा हे वाचून कोणाला नोटीस पाठवू नका. आणि वर ‘आधी नाव’ म्हटलं ते बिनअर्थाच्या नावाबद्दल. तुमचं नाव मेहुण्यांच्या ‘मजबूत व्हील’सारखं असेल तर आधी लोगोसकट अर्ज करा. एकट्या शब्दावर हक्क मिळणार नाही, पण निदान काहीतरी हातात राहील.

एक राहिलं: अर्जात मालक म्हणून कोणाचं नाव घालताय ते नीट बघा. आमचा अर्ज अखेर भरायला घेतला तेव्हा मेहुण्यांनीच सुचवलं, ‘माझ्या एकट्याच्या नावाने टाकू, भागीदारी बदलली की उगाच भानगड नको.’ मी सही केली नाही. फर्मच्या नावाने, दोघा भागीदारांची नावं लिहूनच तो अर्ज गेला.