८ लाखांचं शिक्षणकर्ज बाकी असताना ५० लाखांचा फ्लॅट घ्यावा का?

समजा, तुमचे आकडे असे: शिक्षणकर्ज ८ लाख बाकी, व्याज १०.५ टक्के, ५ वर्षं राहिलीत. पगार हातात ८० हजार, बँकेत १५ लाख, हप्ता आणि खर्च भागून महिन्याला १५ हजार शिल्लक. पुण्यात ५० लाखांचा तयार फ्लॅट बघितलाय. माझं स्पष्ट मत: कर्ज आत्ताच फेडा, फ्लॅट दोन-अडीच वर्षांनी घ्या.

बँक गृहकर्जाची पात्रता (किती कर्ज मिळू शकतं ते) काढताना बाकी रकमेपेक्षा महिन्याचा हप्ता बघते. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावे लागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ४० हजारांत. शिक्षणकर्जाचा हप्ता अंदाजे १७,२००. उरले २२,८००. गृहकर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी धरलं तर लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणून तेवढ्यात जेमतेम २६ लाख मिळतील. शिक्षणकर्ज नसेल तर ४६ लाख. ८ लाखांची बाकी जवळपास २० लाखांची पात्रता खाते, ती अशी.

आता हातातल्या पैशांचं बघू. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर बँकेला जाता येत नाही आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे १० लाख तुमचे, ७ टक्क्यांनी साडेतीन लाख स्टॅम्प ड्युटी, ३० हजार नोंदणी: १३ लाख ८० हजार. आज शिक्षणकर्ज तसंच ठेवलं तर २६ लाखांच्या कर्जावर २७-२८ लाख रोख लागतील. ते नाहीत. फेडलं तर ७ लाख उरतील, तेही आज पुरणार नाहीत. पण मोकळा झालेला हप्ता आणि शिल्लक मिळून दरमहा ३२ हजार साठतील, आणि अडीच वर्षांत घराचे पैसे होऊन पावणेतीन लाखांच्या आसपास अडीनडीला बाजूलाही राहतील. शिवाय उरलेल्या ५ वर्षांचं सुमारे २ लाख ३० हजार व्याज वाचतं. मधल्या काळात फ्लॅटची किंमत वाढेल ही भीती खरी आहे, पण म्हणून डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन अजिबात काढू नका. त्याचा हप्ताही त्याच ४० हजारांत मोजतात.

जोडीदाराचा पगार ६० हजार असेल आणि दोघं सहकर्जदार होणार असाल तर गणित उलटतं. ७० हजारांच्या मर्यादेत दोन्ही हप्ते बसतात. मग रोख घरासाठी ठेवा आणि नंतर जादा पैसे आधी शिक्षणकर्जात भरा, कारण व्याज तिथे जास्त आहे.

शिक्षणकर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) मिळते म्हणून कर्ज चालू ठेवा, असं पुष्कळजण सांगतात. ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि ८ वर्षांपुरतीच. नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दाच उरत नाही.

शिक्षणकर्जाची थोडीच रक्कम भरणार असाल तर एक चूक टाळा. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, त्यामुळे पात्रता वाढत नाही. ‘हप्ता कमी करा’ असा लेखी अर्ज द्या. आणि ‘सेटलमेंट’ करून, म्हणजे बाकीपेक्षा कमी भरून कर्ज मिटवून, सूट घेऊ नका, सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत) तो शेरा राहतो आणि गृहकर्ज अडतं.

कर्ज बंद केल्यावर नो ड्यूज (काही बाकी नाही असं) पत्र घ्या. महिन्याभराने सिबिल अहवालात खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते तपासा. आई किंवा वडील सहकर्जदार असतील तर त्यांचाही अहवाल बघा. घराची कागदपत्रं तारण असतील तर बँकेने ती ३० दिवसांत परत द्यायची असतात, उशिराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. गावची जमीन तारण दिली असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करायचा अर्ज करा. बँक ते आपणहून करेल असं धरून चालू नका.