इटालियन नियमित क्रियापदं सगळ्या काळांत कशी चालवायची? तक्ते पाठ करूनही गोंधळ होतो.

प्रत्येक क्रियापदाचा वेगळा तक्ता घोकत बसलात तर गोंधळ होणारच. मूळ रूपाचा शेवट बघा: आरे, एरे किंवा ईरे. तो काढला की धातू उरतो. पार्लारे (बोलणे), वेन्देरे (विकणे), दोर्मीरे (झोपणे) ही तीन नीट चालवता आली की पुष्कळ काम झालं.

वर्तमानकाळ मात्र पाठच हवा (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने): पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. इतर दोन गटांत ‘तो’ला ए आणि ‘ते’ला ओनो लागतं: वेन्दे, वेन्दोनो. ‘तुम्ही’ची रूपं वेन्देते, दोर्मीते. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ सगळीकडे सारखेच. पार्लानोमध्ये जोर ‘पार्’वर द्यायचा, देवनागरीत लिहून घेतलं की ‘ला’ उगाच लांबतो.

ईरे गटात एक उपद्रवी पोटगट आहे. फिनीरे (संपवणे) असं चालतं: फिनीस्को, फिनीश्शी, फिनीश्शे, फिनियामो, फिनीते, फिनीस्कोनो. ‘आम्ही’, ‘तुम्ही’मध्ये मधला तुकडा गळतो. तो कुणाला लागतो हे मूळ रूपावरून कळत नाही, म्हणून शब्दकोशात ‘मी’चं रूप बघून ठेवा. वर्तमानकाळ, आज्ञार्थ आणि वर्तमान कोंज्युन्तीवो (इच्छा, शंका, शक्यता सांगणारं रूप) सोडले तर तो कुठेच येत नाही.

अपूर्ण भूतकाळ सर्वांत सोपा: पार्लावो, वेन्देवो, दोर्मीवो.

भविष्यकाळात मूळ रूपाचा शेवटचा ए जातो आणि आरे गटातल्या ‘आ’चा ‘ए’ होतो: पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो. ‘पार्लारो’ ही नेहमीची चूक. संकेतार्थाला हाच साचा, पुढे एई, एस्ती, एब्बे, एम्मो, एस्ते, एब्बेरो. पार्लेरेमो भविष्य, पार्लेरेम्मो संकेतार्थ. फरक फक्त जोड ‘म’चा, तेव्हा तो ठासून उच्चारा.

कोंज्युन्तीवोत स्वरांची अदलाबदल होते. आरे गटाला ई (पार्ली), बाकीच्यांना आ (वेन्दा, दोर्मा, फिनीस्का), आणि एकवचनात तिन्ही पुरुषांना एकच रूप. त्यामुळे इथे सर्वनाम गाळलं तर घोटाळा होऊ शकतो.

चेर्कारे (शोधणे) लिहिताना ‘तू’ आणि ‘आम्ही’च्या रूपांत, तसंच भविष्यकाळाच्या सगळ्या रूपांत, सी पुढे एच घाला. नाहीतर ‘चेर्की’चं ‘चेर्ची’ होईल.

बोलण्यातल्या भूतकाळासाठी आवेरे (जवळ असणे) किंवा एस्सेरे (असणे) यांचं वर्तमान रूप आणि पुढे आतो, ऊतो, ईतो. एरे गटात इथे अपवाद फार: प्रेन्देरेचं (घेणे) प्रेसो, लेज्जेरेचं (वाचणे) लेत्तो. एस्सेरेबरोबर कर्त्याचं लिंग लागतं: सोनो पार्तीतो (निघालो), सोनो पार्तीता (निघाले). आवेरेबरोबर मात्र मराठी सवय नडते. आपण ‘गाडी विकली’ म्हणतो, म्हणून ‘ओ वेन्दूता ला माक्किना’ तोंडात येतं. बरोबर आहे ‘ओ वेन्दूतो’ (‘ओ’ हे आवेरेचं ‘मी’चं रूप). पण गाडीचं नाव न घेता ‘ती विकली’ म्हणायचं असेल, तर सर्वनाम आधी येतं आणि रूप खरोखरच स्त्रीलिंगी होतं: लो वेन्दूता (‘ला’ आणि ‘ओ’ जोडून ‘लो’).