महाकाय कृष्णविवरांच्या लहरी : औंढा की खोडद?

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. दीर्घिकांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं एकत्र येताना निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचं ताणणं-आकसणं, तिथे टिपता येतील का?

उत्तर : नाही. वस्तुमान जितकं मोठं, तितकी लहर संथ. सूर्याच्या साठपट वस्तुमानाची जोडी विलीन होताना शंभर-दोनशे हर्ट्‌झच्या लहरी निघतात; चार किलोमीटर भुजांची लायगो त्यांच्यासाठीच आहे. विलीन होण्याच्या बऱ्याच आधी एकमेकांभोवती फिरणाऱ्या अब्जपट वस्तुमानाच्या जोडीची एक लहर पूर्ण व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि दहा हर्ट्‌झच्या खाली जमिनीच्या हादऱ्यांत सगळंच बुडतं.

या संथ लहरींचं काम नारायणगावजवळ खोडदला चालतं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना मिलिसेकंद पल्सारचे ठोके नोंदवतात. हे पल्सार म्हणजे सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणारे मृत तारे; प्रत्येक फेरीला त्यांचा एक रेडिओ ठोका घड्याळासारखा येतो. वाटेत गुरुत्वीय लहर आली की ठोक्याची वेळ किंचित सरकते. ठोका अपेक्षेपेक्षा किती नॅनोसेकंद आधी किंवा उशिरा आला, हे वर्षानुवर्षं मोजत राहायचं.

खरी डोकेदुखी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची. त्यांच्यामुळे ठोका रखडतो, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो : १४०० मेगाहर्ट्‌झपेक्षा ४०० वर सुमारे बारापट. म्हणूनच जीएमआरटीची कमी वारंवारतेची निरीक्षणं मोलाची. तिथे हा उशीर ठळक दिसतो, नेमका मोजून वजा करता येतो. पल्सार सूर्याजवळ दिसत असेल तेव्हा सौरवाऱ्यातल्या, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांतल्या, इलेक्ट्रॉनांचीही भर पडते.

प्रश्न : मग उरलेली चूक लहरींचीच, हे कशावरून?

उत्तर : एका पल्सारवरून कधीच ठरत नाही, पल्सारच्या जोड्या तपासाव्या लागतात. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार एकसारखे चुकतात. गुरूसारख्या ग्रहाचं वस्तुमान किंवा कक्षा चुकीची धरली, तर आकाशाच्या समोरासमोरच्या बाजूंना उलट चूक दिसते. गुरुत्वीय लहरींत जवळचे पल्सार एकत्र हलतात, काटकोनाच्या आसपासचे काहीसे विरुद्ध, आणि समोरासमोरचे पुन्हा थोडे एकत्र. हा आलेख हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये मांडला. २९ जून २०२३ रोजी भारतीय-युरोपीय गटाने २५ पल्सारच्या नोंदींतून आणि अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, चिनी गटांनी स्वतंत्रपणे त्याचा पुरावा मांडला. पुरावा म्हणायचं, शोध नव्हे : पाच सिग्माची, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता जवळपास संपवणारी, अट अजून गाठायची होती.

शिवाय हा संकेत म्हणजे कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांचा मिळून गलका असावा; एखादं विलीनीकरण त्यात वेगळं ओळखू येत नाही. दशलक्षपट वस्तुमानाच्या जोड्यांचा तो विलीनीकरणाचा शेवटचा क्षण लिसा ही अवकाशातली वेधशाळा टिपेल : एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन याने, प्रक्षेपण २०३५ च्या सुमारास.