सीमेपलीकडचे मार्ग उघडले की शेजारी देशांचं पर्यटन खरंच वाढतं का?

वाढतं, पण नुसता मार्ग उघडून भागत नाही. कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेसच बघा. २००८ साली सुरू झाली, पण गेदे आणि दर्शना या सीमेवरच्या स्टेशनांवर सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, पासपोर्ट-कस्टमच्या रांगा लावायच्या, त्यातच काही तास जायचे. नोव्हेंबर २०१७ पासून ही तपासणी थेट कोलकाता आणि ढाका कॅन्टोन्मेंटला होऊ लागली. नवा रूळ नाही, नवा पूल नाही, तरी प्रवास बराच आटोपशीर झाला.

शिवाय पर्यटक म्हणजे फक्त व्हिक्टोरिया मेमोरियल बघणारा नव्हे. बांगलादेशी पाहुणा कोलकात्यात डॉक्टरला दाखवतो, न्यू मार्केटमध्ये ईदची खरेदी करतो. त्याच्या जिवावर मार्क्विस स्ट्रीटची हॉटेलं, खानावळी, पैसे बदलून देणारी दुकानं चालायची. त्या भागाला लोक ‘मिनी बांगलादेश’च म्हणतात.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या अशांततेमुळे गाड्या थांबल्या, पुढे व्हिसाही आटले आणि त्या गल्ल्या ओस पडल्या. हॉटेलं तीच, भाषा तीच, फक्त गिऱ्हाईक पलीकडे अडकलेलं. त्यामुळे मला विचाराल तर रस्त्याआधी व्हिसाचं बघा.