पॅचवरची सही: वाचकांचे प्रश्न

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्रुटी दुरुस्त करणारी फाइल, आणि तिच्यावरची डिजिटल सही म्हणजे ती कंपनीचीच असल्याची खूण. या सहीबद्दल तीच ती शंका दर आठवड्याला येते, म्हणून काही पत्रं एकत्र घेतो.

हार्डवेअरवाल्याने पॅच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. टाकू का? (नौपाडा)

नाही. तो डिलीट करा आणि मूळ कंपनीच्या साइटवरून घ्या.

सही दिसते कुठे? एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) तपासणीचे वेगळे पैसे मागतोय. (ऐरोली)

पैसे देऊ नका. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. नाव निवडून डिटेल्स दाबा. सही ओके असल्याची ओळ दिसली तरी कंपनीचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. तो टॅबच नसेल तर फाइल उघडू नका, कंपनीला विचारा.

हॅश जुळला, मग सही कशाला? (महापे)

हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला, तिच्या ठशासारखा अक्षरांचा संच. तो जुळला की झालं, हा समज मला सगळ्यात धोकादायक वाटतो. महाप्याच्याच एका कारखान्यात ऑपरेटरला ६४ अक्षरांच्या हॅशमधली पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवताना पाहिलंय. बरं, पूर्ण जुळवला तरी तो घेतला कुठून? फाइल होती त्याच पानावरून! फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट हॅक करून डाउनलोडची लिंकच बदलली होती. लिंक बदलणाऱ्याला शेजारचा हॅश बदलणं काय जड? सही करायला कंपनीची खासगी की (फक्त तिच्याकडची गुप्त डिजिटल किल्ली) लागते, आणि ती त्या पानावर नसते. जीपीजी (सही तपासायचं एक सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ‘गुड सिग्नेचर’ वाचून थांबू नका. कोणत्याही नावाची की कोणीही बनवू शकतो. कीचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, दुसऱ्या वाटेने मिळवा, कंपनीला फोन करून किंवा जुन्या करारातून, आणि पूर्ण जुळवा. पीसी कारखान्यातल्या मशीनला जोडलेला असेल तर मशीन बनवणाऱ्याशी बोलल्याशिवाय पॅच टाकूच नका.

सर्टिफिकेटची मुदत संपलीय. सही बाद? (वागळे इस्टेट)

सर्टिफिकेट म्हणजे सही करणारी कंपनी कोण, याचा डिजिटल दाखला. त्याच्या मुदतीत केलेल्या सहीवर टाइमस्टॅम्प, म्हणजे सही केव्हा झाली याची नोंद, असेल तर सहसा बाद होत नाही. नसेल तर कंपनीला विचारा.

सही बरोबर म्हणजे पॅच निर्धोक ना? थोडं थांबून टाकला तर? (उरण)

सही फक्त फाइल कोणाची आणि वाटेत बदलली का, एवढंच सांगते. २०२०मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेटवर तिची खरी सही होती, आत घुसखोरांचा कोड होता. पण म्हणून महिनोन्‌महिने थांबू नका. तुमच्याच शेजारी जेएनपीटी बंदरात २७ जून २०१७ला नॉटपेट्या या व्हायरसने एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तो ज्या वाटांनी पसरला, त्यातल्या एका त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. सही आज तपासा, एका पीसीवर चालवून बघा, आणि बाकीच्यांचा दिवस आपल्या आयटीवाल्याला विचारून याच आठवड्यात ठरवा.