साचेखात्याचा आवाज

"मॅडम, खाण तशी माती. माझ्यात बाबाच उतरलेत. आता पोरातही तेच उतरणार का?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो, आणि विचारणारे बहुतेक पुरुष असतात. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.) हे गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे, राहायला भांडुपला, मुलगा सात वर्षांचा. रात्री दारात किल्ली फिरली की पोरगा जमिनीवर पसरलेले रंगीत खडू भराभर डब्यात कोंबायचा आणि पुस्तक उघडून बसायचा. एका रात्री किल्ली फिरवताना त्यांना आतून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. ते दाराबाहेरच थबकले. लालबागच्या चाळीत लाकडी जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या की ते स्वतः अशाच गोट्या लपवायचे.

हात त्यांनी कधी उगारला नव्हता. आवाज मात्र असा, की साधं "जेवलास का?" विचारलं तरी पोर दचकायचं. "बाबा, मला ऐकू येतं ना, मग एवढ्या मोठ्याने का बोलतोस?" असं त्याने एकदा विचारलंही होतं. त्यावरही ते ओरडले होते.

मी वडिलांबद्दल विचारलं. "कडक होते. बस."

एवढ्या वर्षांचा बाप तीन शब्दांत संपला की मी तिथे थांबते. मेरी मेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात आईवडिलांना त्यांच्या बालपणाबद्दल सविस्तर बोलतं केलं आणि त्यांची मुलं त्यांच्याजवळ किती निर्धास्त असतात तेही पाहिलं. बालपण सुखाचं होतं की हालाचं यापेक्षा, आज ते कडूगोडासकट नीट सांगता येतं का, याचा मुलांच्या निर्धास्तपणाशी जास्त संबंध दिसला. हाल सोसलेल्या पण ते समजून घेतलेल्या कितीतरी जणांची मुलं निर्धास्त होती. "खाण तशी माती" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, कारण त्या म्हणीने माणूस हात टेकतो.

म्हणून त्यांना एक काम दिलं: आत्याला फोन करा आणि बाबांचं तरुणपण विचारा.

पंधरा दिवसांनी आले ते खुर्चीच्या टोकावर बसूनच बोलू लागले. "बाबा कापड गिरणीत, साचेखात्यात होते. एका छपराखाली शेकडो साचे, म्हणजे माग, खडखडायचे. शेजारच्याशी बोलायचं तर खुणा करा, नाहीतर कानाशी ओरडा. आत्या म्हणाली, त्याचे कानच गेले होते रे. घरी साधं बोलला तरी आम्हाला वाटायचं भांडतोय."

मग बराच वेळ ते गप्प राहिले. ज्या आवाजाला ते जन्मभर राग समजत आले, त्यातला बराचसा साच्यांचा होता. गिरणी बंद पडून जमाना झाला आणि तिचा खडखडाट भांडुपच्या फ्लॅटमध्ये एका पोराला खडू आवरायला लावत होता.

पण सगळंच साच्यांच्या खात्यावर मांडू नका, असंही मी त्यांना बजावलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मिटल्याचं कधी कुणी रीतसर जाहीरच केलं नाही. हे तेव्हा चार वर्षांचे. बाबा पुन्हा खात्यात गेले नाहीत, पुढे रखवालदारी केली. घर चाललं ते आईच्या डब्यांवर. त्यानंतरच्या चपराका खऱ्या रागाच्या होत्या आणि त्या एका लहान मुलाच्या गालावर बसल्या. बापाची कथा कळली म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या म्हणून सांगता येणं, हेच आमचं पुढच्या दोन महिन्यांचं काम होतं.

घरचं काम छोटं होतं. आवाज चढला की त्याच रात्री मुलाच्या उंचीला खाली बसायचं आणि म्हणायचं, "मी ओरडलो. चूक माझी होती." पुढे "पण तू..." जोडायचं नाही. त्यांना भीती वाटली, धाक उरेल का? मी विचारलं, तुम्हाला बाबांचा धाक होता, मग परीक्षेत नापास झालात तेव्हा आधी कुणाला सांगितलंत? "आईला," ते म्हणाले, आणि कागद-पेन मागून घेतलं.

पहिल्या वेळी पोरगा नुसतं "बरं" म्हणाला आणि खडू घेऊन आत गेला. दुसऱ्या वेळीही तेच. हा टप्पा फार अवघड असतो, बरेच बाप इथे सोडून देतात. मूल पारखत असतं, हे टिकणार आहे का. (घरात मारहाण किंवा दारू असेल तर एवढ्यावर भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोला.)

ओरडणं थांबलेलं नाही. मागच्या आठवड्यातही झालं, पण दहा मिनिटांत ते खाली बसले. पोराने विचारलं, "आजोबा सॉरी म्हणायचे?" ते म्हणाले, "नाही. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं." मग साच्यांची गोष्ट सांगितली. पोराला साच्याचा आवाज नेमका कसा असतो ते हवं होतं, आणि ते यांनाही ठाऊक नव्हतं. रविवारी दोघं मिळून आत्याला फोन लावणार आहेत.