बायपासनंतर अँटिबायोटिक दोनच दिवस दिलं, म्हणून घाबरू नकोस

बाय, तू लिहिलंस की गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, बाबांची बायपास सोमवारी झाली, बुधवारी अँटिबायोटिक बंद केलं आणि डिचोलीतले शेजारी म्हणतात, सात दिवस तरी द्यायला हवं होतं. हृदयाच्या थिएटरात मी बरीच वर्षं सिस्टर होते. डॉक्टरांनी बरोबर केलंय.

हे औषध झालेला जंतुसंसर्ग बरा करायला नसतं. सर्जन छेद घेतात त्या क्षणी ते कातडीत, छातीच्या हाडाशी पोचलेलं हवं. म्हणून सेफाझोलिन या अँटिबायोटिकचे 2 ग्रॅम छेदाआधीच्या 60 मिनिटांत शिरेतून देतात. पेनिसिलिनची मोठी अ‍ॅलर्जी असेल तर व्हँकोमायसिन, पण ते सावकाश सोडावं लागतं, म्हणून लवकर सुरू करतात. मी गोव्याबाहेर नोकरीला होते तिथे एकदा वॉर्डातच सकाळी सहाला इंजेक्शन देऊन झालं, आणि आधीची केस लांबल्याने पेशंट टेबलावर आला साडेनऊला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शीटवरची वेळ पाहिली, सर्जनना थांबवलं आणि नवा डोस द्यायला लावला. तेव्हापासून डोसची वेळ मी मोठ्याने वाचायचे. ऑपरेशन चार तासांपुढे गेलं तर सेफाझोलिन परत द्यावंच लागतं.

जखम शिवून झाली की त्याचं काम जवळजवळ संपतं. जास्तीत जास्त 48 तास. त्यापुढे दिल्याने जखम अधिक सुरक्षित होत नाही, जुलाब मात्र लागू शकतात, आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून फार्मसीतून गोळ्या आणू नकोस, कळकळीने सांगते.

तुझी काळजी दुसरीकडे वळव. बाबांना मधुमेह असेल तर साखर सांभाळ, जखम भरणं तिच्यावर फार अवलंबून असतं. बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर ती जखम रोज उजेडात बघ, छातीकडे बघताना पाय विसरला जातो. या पावसात कपडे वाळत नाहीत, तरी दमट लुंगी किंवा पायमोजा त्या पायावर नको. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला लाव.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, किंवा कूस बदलताना छातीचं हाड कटकट वाजलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, त्याच दिवशी बांबोळी गाठ.

आणि एक सांग, बायपासबरोबर हृदयाची झडपही बदललीय का? बदलली असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागेल, दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं. नुसती बायपास असेल तर त्यासाठी लागत नाही.